सिस्टरने सांगायचे कुणाला?

मागे विहारात महिला मंडळाची बैठक होती. विषय होता मुलींच्या पुढच्या शिक्षणाचा. बारावी झालेल्यांपैकी कोण कुठे अर्ज भरणार, फी किती, स्कॉलरशिपला कोणती कागदपत्रे लागतात, जातवैधता कुणाची अडकली, अशी चर्चा चालली होती. आमच्या वस्तीत एक सिस्टर राहते. तिची मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मला जीएनएम करायचं आहे." सगळ्या बायांना आनंद झाला. आई नर्स, आता लेकही नर्स होणार. पण आईच पटकन बोलली, "नको. दुसरं काहीही कर. हे नको."

बैठक गप्प झाली. आम्हाला वाटले, रात्रपाळीमुळे म्हणत असेल, नाहीतर पगारामुळे. कुणीतरी विचारलेही. तेव्हा ती म्हणाली, "कोविडमध्ये मी काय पाहिलं ते तुम्ही कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आता लेकीला तेच देऊ का?"

त्या दिवशी बैठक दोन तास लांबली. आमच्यात दोघी निवृत्त नर्स आहेत आणि एक आशाताई आहे. त्याही बोलू लागल्या. त्या बोलण्यातून हा लेख झाला आहे. कुणाचे नाव किंवा कुणाचा दवाखाना यात लिहिलेला नाही. तशी अट होती आणि ती रास्त आहे.

आधी आपल्याच दाराशी

२२ मार्च २०२० ला सायंकाळी पाच वाजता आपल्या वस्तीतही थाळ्या वाजल्या. सिस्टर ड्युटीवरून येत होती तेव्हा पोरांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. मे महिन्यात चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत पहिले रुग्ण सापडले आणि त्याच वस्तीचा चेहरा बदलला. ती नळावर आली की बाया गुंड घेऊन मागे सरत. किराणा दुकानात तिने पैसे ठेवले तर दुकानदार ते काडीने ओढून घेई. तिच्या लेकीशी खेळू नका असे आम्हीच आमच्या पोरांना सांगितले. तिला पाणी सगळ्यांच्या शेवटी भरावे लागे. ती काही बोलली नाही. बादली ठेवून दूर उभी राहायची.

ज्या समाजाला पाणवठ्यापासून दूर उभे राहण्याचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, ज्या समाजाने १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर जाऊन पाणी घेतले, त्या समाजाच्या वस्तीत हे घडले. आम्ही हे लिहितो तेव्हा आमचीच मान खाली जाते. रोगाची भीती खरी होती. अंतर ठेवणे गरजेचेच होते. पण सहा फूट अंतर ठेवून "ताई, जेवलीस का?" असे विचारता आले असते. ते आम्ही विचारले नाही. अंतर आणि बहिष्कार यांत एवढाच फरक असतो, आणि तो फार मोठा असतो.

देशभर असेच घडत होते. भाड्याच्या खोलीतून नर्सला बाहेर काढणे, आशाताईंना गल्लीत येऊ न देणे, अंगावर धावून जाणे, अशा बातम्या रोज येत होत्या. म्हणून केंद्र सरकारला २२ एप्रिल २०२० रोजी साथरोग कायद्यात वटहुकूम काढून बदल करावा लागला. आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला करणे हा अजामीनपात्र गुन्हा ठरला. गंभीर इजा केल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद झाली. त्यांना राहणे वा काम करणे कठीण होईल असा त्रास देणे हेही त्यात आले. कायद्याने हात थांबले असतील. नळावरची नजर मात्र कोणत्या कायद्यात बसणार?

त्या वॉर्डात काय होते

चंद्रपूरचा उन्हाळा आपल्याला माहीत आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या दिवसांत डोक्यापासून पायापर्यंत बंद पीपीई किट घालायचे. वर दोन हातमोजे, मास्क, चष्मा, चेहऱ्यावर ढाल. दहा मिनिटांत अंग भिजते. चष्म्यावर वाफ धरते आणि सलाईनची सुई लावताना नस दिसत नाही. एकदा किट चढवले की पाणी पिता येत नाही, लघवीला जाता येत नाही. म्हणून कित्येक जणी ड्युटीच्या आधीपासूनच पाणी पिणे बंद करीत. पाळीच्या दिवसांत काय होत असेल ते बायांना वेगळे सांगायला नको. ड्युटी कागदावर आठ तासांची. बदलीची सिस्टर स्वतःच पॉझिटिव्ह निघाली की ती बारा तासांचीही होई.

हे झाले शरीराचे हाल. आमची सिस्टर म्हणाली, ते विसरता येते. जे विसरता येत नाही ते वेगळेच आहे.

एप्रिल २०२१. दुसरी लाट. खाटा भरलेल्या, ऑक्सिजनसाठी नातेवाइकांची पळापळ. अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक नर्स असावी, असे भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण सांगते. तिच्या वाट्याला त्या रात्री किती रुग्ण होते ते तिने मोजलेही नाही. एका कोपऱ्यातल्या खाटेवरचे आजोबा पाणी मागत होते. त्याच वेळी दुसऱ्या खाटेवरच्या तरुण बाईचा ऑक्सिजन खाली येत होता. ती तिकडे धावली. "आले बाबा, दोन मिनिटं," असे ती आजोबांना म्हणाली. परत आली तेव्हा आजोबा गेले होते. स्टीलचा पेला तसाच भरलेला होता.

"त्यांना मी वाचवू शकले नसते, हे मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण पाणी तर देऊ शकले असते ना?" घरात कुणी पेला आपटला की अजूनही तिच्या छातीत धडधडते. तिच्या नवऱ्याला याचे कारण माहीत नव्हते. तो म्हणायचा, हिचा स्वभाव चिडका झाला.

या त्रासाला मानसशास्त्रात नाव आहे. योग्य काय ते माणसाला ठाऊक असते, ते करायची तळमळही असते, पण खाटा कमी, हात कमी, वेळ कमी म्हणून ते करता येत नाही. आणि पुढे तो स्वतःलाच दोषी धरतो. याला नैतिक जखम म्हणतात. ही जखम भित्र्या माणसाला होत नाही. ज्याला रुग्णाची काळजी आहे त्यालाच ती होते. म्हणून चांगली सिस्टर अधिक मोडते.

उपकेंद्रावर एकटी

गडचिरोलीची गोष्ट आणखी वेगळी. १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा बहुतांश जंगलाचा. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा, कोरची, धानोरा या भागांत उपकेंद्राची एएनएम म्हणजे बहुधा एकटी बाई. तिच्याकडे गरोदर बाया, बाळांच्या लसी, हिवतापाच्या रक्ततपासण्या, सिकलसेलचे रुग्ण आणि वर नोंदवह्या. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. बाई अडली तर डोंगा किंवा खाट, हीच रुग्णवाहिका. मोबाइलला रेंज नसते, म्हणजे डॉक्टरला विचारायचीही सोय नसते. निर्णय तिने एकटीने घ्यायचा आणि काही झाले तर उत्तरही तिनेच द्यायचे.

अशात २०२१ मध्ये लस आली. १६ जानेवारीपासून आधी आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि मग टप्प्याटप्प्याने सगळ्यांना. पाड्यांवर अफवा पोहोचल्या होत्या की सुई घेतली तर माणूस मरतो. गाडी दिसली की लोक रानात निघून जात. एएनएम आणि आशाताई मैलोन्‌मैल चालत जात, झाडाखाली बसून राहत, परत येत, पुन्हा जात. आमच्यातली आशाताई म्हणाली, "शिव्यांचं काही वाटलं नाही. ज्या बाईचं बाळंतपण मी केलं, तिनं दार लावून घेतलं, ते लागलं."

हिवताप, प्रसूती, सिकलसेल, कुपोषण ही कामे साथीसाठी थांबत नाहीत. गडचिरोलीत हिवताप तर दर पावसाळ्यात असतोच. कोविड हे ओझे आधीच वाकलेल्या पाठीवर आले.

मन थकते म्हणजे नेमके काय होते

आपल्याकडे ताण म्हटले की लोक म्हणतात, "मनावर घेऊ नको." जणू मन खिशात ठेवता येते. संकट दिसले की शरीर स्वतःला लढायला तयार करते. हृदय जोरात चालते, श्वास वाढतो, रक्तात साखर सुटते, झोप उडते. वाघ समोर आला तर हे उपयोगाचे आहे, कारण वाघ निघून जातो आणि शरीर शांत होते. साथीत वाघ महिनोन्‌महिने दारात बसतो. शरीर सतत सावध राहते. मग झोप लागत नाही, डोके दुखते, पित्त वाढते, पाळी बिघडते, लहान गोष्टीवर राग येतो. काहींना खूप रडू येते. काहींना रडूच येत नाही, आणि ते अधिक काळजीचे असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामामुळे येणाऱ्या अशा पूर्ण थकव्याची तीन लक्षणे सांगितली. अंगातली शक्ती संपून जाणे, कामापासून मन तुटणे, आणि आपल्या हातून काही चांगले होत नाही असे वाटू लागणे. संघटनेने हेही स्पष्ट केले की हे कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणातून येते. म्हणजे मूळ कामाच्या रचनेत आहे. बाईच्या स्वभावात ते शोधू नये.

यातले दुसरे लक्षण आपल्याला नीट समजून घ्यावे लागेल, कारण त्याचा चटका आपल्याला बसलेला आहे. सरकारी दवाखान्यात सिस्टर ओरडली, प्रसूतीच्या खोलीत वाईट बोलली, वस्तीचे नाव ऐकून तोंड वाकडे केले, असे अनुभव आपल्या घराघरांत आहेत. ते खोटे नाहीत. जातीवरून बोलणे हा गुन्हा आहे आणि थकव्याच्या नावाखाली तो माफ होऊ शकत नाही. त्याची तक्रार केलीच पाहिजे. पण प्रत्येक कोरडे उत्तर जातीतून किंवा मग्रुरीतून येत नाही. काही वेळा समोरच्या बाईचे मन आटलेले असते. पन्नास खाटांची जबाबदारी दोघींवर असेल तर रुग्णाचे हाल होतात आणि सिस्टरचेही. अशा वेळी रुग्ण आणि सिस्टर एकमेकींशी भांडतात, आणि ज्यांनी जागा भरल्या नाहीत ते सुटून जातात.

कणखर म्हणजे लोखंडी नव्हे

कोविडमध्ये एक शब्द फार वापरला गेला: योद्धा. बोर्ड लागले, प्रमाणपत्रे वाटली गेली. शब्द मोठा आहे, पण त्यात फसवणूक आहे. योद्ध्याला थकायची परवानगी नसते. योद्धा मेला की शहीद होतो, आणि मग शस्त्र कुणी दिले नव्हते असे कुणी विचारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगात सुमारे १ लाख १५ हजार आरोग्य कर्मचारी कोविडने गेले. जगातल्या बहुतांश नर्स महिला आहेत. या बायांनी मरण्याचा करार केलेला नव्हता. त्या नोकरी करीत होत्या.

हल्ली दुसरा एक शब्द आला आहे: मनोबल. दवाखान्यात शिबिर होते, वक्ता येतो, "सकारात्मक राहा, खंबीर व्हा" म्हणतो, चहा-बिस्कीट होते आणि सिस्टर पुन्हा त्याच वॉर्डात जाते. अशा शिबिरांना आमचा विरोध नाही. पण साथीच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यांचे मनोबल टिकवण्याच्या उपायांवर झालेले अभ्यास कोक्रेन या संस्थेने तपासले. त्याचा अहवाल २०२० च्या शेवटी आला. कोणता उपाय खात्रीने चालतो हे सांगण्याइतका पुरावाच नाही, असे त्यातून दिसले. कामाची परिस्थिती, पुरेशी साधने, नीट माहिती आणि घरचा-सहकाऱ्यांचा आधार यांना तिथेही महत्त्व दिसले.

आपल्या शेतकऱ्याला हे अहवालाविना कळते. बैल कितीही दमदार असो, पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याचे खांदे शेकतात. त्या दिवशी त्याच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. बैलाला "सकारात्मक राहा" असे कुणी म्हणत नाही. कणखरपणा हा विश्रांतीतून, पोटभर जेवणातून, वेळेवर मिळणाऱ्या पगारातून आणि बाजूला कुणीतरी असण्यातून तयार होतो. ते काढून घेतले तर कणखर माणूसही मोडतो. उशिरा मोडतो, एवढेच.

बाबासाहेब मजूरमंत्री होते तेव्हा त्यांनी कामगाराला सहनशक्तीचे भाषण दिले नाही. त्यांनी कामाच्या तासांना हात घातला. १९४६ च्या कारखाना कायद्यातील दुरुस्तीने आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. थकव्यावरचा इलाज कायद्यात आणि वेळापत्रकात असतो, हे त्यांना माहीत होते. आज सिस्टरच्या मनाची गोष्ट निघाली की आपणही तिथूनच सुरुवात केली पाहिजे.

त्यागाचे नाव पुढे करू नका

कुणी म्हणेल, सावित्रीमाईंनी प्लेगमध्ये जीव दिला. आजच्या नर्सांना एवढे कसले दुःख? हे बोलणे आम्ही ऐकले आहे, म्हणून त्याचे उत्तर देतो. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीमाईंनी आपले डॉक्टर पुत्र यशवंत यांना सोबत घेऊन पुण्याबाहेर रुग्णांसाठी दवाखाना सुरू केला. मुंढव्याच्या महारवाड्यातले प्लेग झालेले मूल त्यांनी स्वतः उचलून आणले, त्यातून त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. हा त्याग त्यांनी स्वतः निवडलेला होता. सरकारने किंवा संस्थेने तो दुसऱ्याकडून वसूल करायचा नसतो. आणि माईंनी नुसती सेवा केली नाही. आधी दवाखाना उभा केला, डॉक्टर आणला, जागा केली. त्यांचे नाव घ्यायचे असेल तर आधी दवाखाना नीट करा.

"पगार घेतात ना?" हा दुसरा प्रश्न. किती जणी कायम आहेत आणि किती कंत्राटी, ते विचारा. साथीत तातडीने भरलेल्या कितीतरी कंत्राटी नर्सांना लाट ओसरताच घरी पाठवले गेले. २०२१ मध्ये चंद्रपुरात कंत्राटी आरोग्य कामगारांना थकलेल्या पगारासाठी डेरा आंदोलन करावे लागले, तेही कोविड चालू असताना. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशाताईंनी संप केला, तेव्हा कुठे दरमहा १ हजार रुपयांची वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता कबूल झाला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांना जागतिक पुरस्कार दिला. पुरस्कार मिळाला, सरकारी कर्मचारी हा दर्जा मिळाला नाही. पुढच्या महिन्यात काम राहील की नाही हे माहीत नसणे हाही ताणच आहे, आणि त्यावर गोळी नाही.

तिसरे ओझे भीतीचे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे शेजारच्या भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागली. १० बाळे गेली. त्या आयांचे दुःख शब्दांत मावणार नाही आणि जबाबदारी ठरलीच पाहिजे. पुढे ज्यांच्यावर कारवाई झाली त्यांत कंत्राटी परिचारिकाही होत्या. कोण दोषी हे ठरवणे आमचे काम नाही. पण त्या दिवसापासून विदर्भातल्या प्रत्येक रात्रपाळीच्या सिस्टरने एक हिशोब मनात केला असेल: वायर जळाली, यंत्र बिघडले, तरी नाव माझे येऊ शकते. हा हिशोब डोक्यात ठेवून ती आपल्या बाळाजवळ बसते.

आपल्या हातात काय आहे

एकदा भगवान बुद्धांना विहारात एक भिक्खू अतिसाराने आजारी, स्वतःच्याच घाणीत पडलेला दिसला. तो आमच्या उपयोगाचा नाही म्हणून इतर भिक्खूंनी त्याला सोडले होते. तथागतांनी आनंदांना सोबत घेऊन त्याला स्वतः धुतले, खाटेवर निजवले. मग भिक्खूंना समजावले की इथे तुमचे आईबाप नाहीत. तुम्ही एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? विनयात ही कथा आहे. तिथेच शुश्रूषा करणारा कसा असावा हे सांगितले आहे आणि रुग्णाने कसे वागावे हेही. शुश्रूषा ही दोन्हीकडची जबाबदारी आहे. मग शुश्रूषा करणारीच थकली तर तिची शुश्रूषा कुणी करायची? आम्हाला वाटते, वस्तीने करायची.

त्यासाठी पैसा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मनाच्या प्रथमोपचाराची साधी रीत सांगितली आहे: पाहा, ऐका, जोडून द्या.

पाहा म्हणजे घरातल्या नर्सकडे, आशाताईकडे, वॉर्डबॉयकडे, सफाई कामगाराकडे लक्ष द्या. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप नाही, भूक नाही, ड्युटीचे नाव काढले की पोटात कळ येते, देवाणघेवाणीचे बोलणेही नकोसे वाटते, हातातून गोष्टी सुटतात, कुणी घरी दारू किंवा झोपेच्या गोळ्यांकडे वळते, तर याला नखरे समजू नका. कुणी "बाहेरचं आहे" म्हणून मांत्रिकाकडे न्यायला सांगेल. नेऊ नका. तो मार्ग आपण १९५६ साली सोडला.

ऐका म्हणजे मध्ये न बोलता ऐका. "सगळ्यांनाच त्रास झाला", "आता विसर ते", "तुझी सरकारी नोकरी तरी आहे" ही तीन वाक्ये टाळा. "मग काय झालं?" एवढे पुरे. ती बोलायला तयार नसेल तर ओढून काढू नका, जवळ बसा. ड्युटीवरून आली की पहिला अर्धा तास तिला काही मागू नका. रात्रपाळी करून आलेली बाई दुपारी झोपली तर "दिवसा झोपते" असे म्हणू नका. घरातल्या पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी स्वयंपाक, धुणे, पाणी यांतला वाटा उचलावा. आठ तास रुग्णांची सेवा आणि घरी आल्यावर पुन्हा आठ माणसांची सेवा, यात मनोबल कुठून येणार? ध्यान, आनापान यांनी श्वास शांत होतो, त्याचा उपयोग आहे. ज्याला आवडते त्याने जरूर करावे. पण हक्काच्या रजेऐवजी ध्यान देता येत नाही.

जोडून द्या म्हणजे योग्य मदतीपर्यंत पोहोचवा. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी सेवेतून मनाचे उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क मानला आहे. जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजमध्ये मानसोपचाराची ओपीडी असते. आपल्याच दवाखान्यात जायला सिस्टरला संकोच वाटतो, सहकारी काय म्हणतील असे वाटते; तिथे सोबत जा, नाहीतर आधी फोन करून द्या. "जगून काय करू" असे कुणी बोलले तर एक क्षणही एकटे सोडू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

आणि काही गोष्टी मागायच्या आहेत. रिक्त जागा भरा. कंत्राट संपवून कायम करा. रात्रपाळीला गाडी द्या, उपकेंद्रावर राहायला दार-कडी नीट असलेले क्वार्टर द्या, पाणी आणि संडास द्या. साथीत काम केल्यावर सक्तीची विश्रांती द्या. दुर्घटना झाली तर आधी यंत्र आणि वायर तपासा, मग माणूस. या मागण्या नर्सांच्या संघटना करीत आहेतच. २०२२ मध्ये खासगी कंत्राटाच्या विरोधात राज्यभरातल्या परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा आपल्यापैकी किती जण त्यांच्या मंडपात गेले? रुग्णांचे हाल होतात म्हणून आपण चिडलो. पुढच्या वेळी निदान एक दिवस पाण्याचे मडके घेऊन त्यांच्या मंडपात बसू.

मुलीचा अर्ज

त्या बैठकीत शेवटी ठरले की दर महिन्याच्या एका पौर्णिमेला, वंदनेनंतर एक तास, वस्तीतल्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी राखायचा. भाषण नाही, सत्कार नाही, शाल-श्रीफळ नाही. चहा करायचा आणि त्या बोलतील ते ऐकायचे. बाहेर कुणी काही नेणार नाही, ही अट. पहिल्या वेळी चौघी आल्या. दुसऱ्या वेळी एक सफाई कामगारही आला. तो अर्धा तास काहीच बोलला नाही. मग म्हणाला, कोविडमध्ये प्रेतं बांधायला मी होतो. मोठ्या माणसाला रडताना पाहून आम्ही गडबडलो, पण कुणी उठून गेले नाही.

मुलीचा अर्ज अजून भरायचा आहे. आई पूर्वीइतक्या जोराने "नको" म्हणत नाही, पण "हो"ही म्हणत नाही. आम्ही तिला आग्रह केलेला नाही. जिने ते दिवस पाहिले, तिला "नको" म्हणायचा पूर्ण अधिकार आहे. मुलगी मात्र परवा म्हणाली, "मावशी, मी नर्स झाले तर मलाही या बैठकीत बसता येईल ना?"

येईल बाई. आणि नळावर तुझा नंबर शेवटी लागणार नाही, एवढे आम्ही पाहू. साथ पुन्हा कधी येईल सांगता येत नाही. हिवताप तर या पावसाळ्यातही येईल. तोवर आपल्या वस्तीतल्या प्रत्येक घराने आपल्या शेजारच्या सिस्टरला एकदा तरी विचारावे: ताई, तेव्हा तू काय पाहिलंस? आणि विचारल्यावर बसून ऐकावे.

जयभीम.